सुपडाभाऊंचा गाणारा पडदा

माझ्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट उतरवून नेलं, तेव्हा सुपडाभाऊ सातव यांची आणि माझी ओळख झाली.

संयुक्त महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. "राज्य एक झालं, आता माणसंही एकमेकांत मिसळली पाहिजेत," असं म्हणून आमच्या साहेबांनी मला साताऱ्याहून उचललं आणि खामगावच्या तार ऑफिसात मिसळलं. जलंबला गाडी बदलून खामगावात उतरलो, सरकी बाजाराच्या मागच्या गल्लीत एक खोली ठरवली, ट्रंक आत ठेवली आणि कोपऱ्यावर चहा प्यायला गेलो. परत येतो तर खोलीला दार नाही. चोरी म्हणावी तर ट्रंक जागच्या जागी. ट्रंक ठेवून दार नेणारा चोर मी साताऱ्यात कधी पाहिला नव्हता. दाराच्या जागी एक गोणपाट लटकत होतं आणि शेजारच्या अंगणातून टक्‌टक् असा आवाज येत होता.

अंगणात एक उंच, काटकुळा गृहस्थ खाकी अर्ध्या चड्डीत ओणवा झाला होता. दोन दगडांवर माझं दार आडवं टाकलेलं. त्यावर कान टेकवून तो बोटाच्या पेरानं ठोकत होता, डॉक्टर रोग्याची छाती ठोकून पाहतात तसा.

"हे माझं दार आहे," मी म्हणालो.

"हाव ना," तो कान न उचलता म्हणाला. "सागाचं हाय. लय दिवसापासून डोया व्हता माह्या याच्यावर. आंदीचा भाडेकरू उतरूच देत नव्हता. तुमी कोन?"

"नवा भाडेकरू."

"बरं झालं. काय काम करता?"

"तार ऑफिसात आहे. कडकट्ट ऐकून तारा लिहून घेतो."

"कानानं?"

"कानानंच."

सुपडाभाऊ उठले. चड्डीला हात पुसून जवळ आले आणि त्यांनी माझा आधी डावा आणि मग उजवा कान बैल विकत घेताना पाहावा तसा नीट पाहिला. मग घराकडे वळून हाक मारली, "अवं, आयकलं का? आपल्या शेजारी सरकारी कान राहाले आला!"

आतून उत्तर आलं, "त्या मानसाचं दार देऊन द्या पयले!"

तो आवाज इतका जाड आणि मोठा होता, की आत भाऊंचे एखादे पैलवान बंधू राहत असावेत असं मला वाटलं. पण बाहेर आल्या त्या पर्वतावहिनी. अंगानं चिमणीएवढ्या. कपाळावर मोठं कुंकू, हातात उलथनं. एवढ्याशा देहातून एवढा आवाज निघतो कसा, याचं कोडं मला बरेच दिवस सुटलं नाही. गल्लीनं मात्र ते आपल्यापुरतं सोडवलं होतं. "पर्वताबाई भांडकुदळ हाय," असं सगळे म्हणत. सकाळी "चहा घेता का जी?" एवढं त्यांनी विचारलं तरी चौकातली माणसं थांबून कान देत.

दार काही दिवसांनी परत आलं. बरोबर मधोमध एक गोल भोक होतं.

"हवा खेयती राह्यते," भाऊ म्हणाले.

सुपडाभाऊ एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला, की सरकी काढणारी यंत्रं उन्हाळ्यापर्यंत धडधडत राहत. त्या गदारोळात भाऊ तेलाची बुधली घेऊन फिरायचे. एखादं यंत्र नुसतं कुरकुरायला लागलं तरी त्यांना समजायचं, अशी त्यांची ख्याती होती. हंगाम संपला की भाऊ मोकळे. त्या मोकळ्या महिन्यांत त्यांनी आयुष्यातलं दुसरं आणि मोठं काम हाती घेतलं होतं. ते काम म्हणजे आवाजाला डब्यातून सोडवणं.

"आवाज डब्यात काऊन घालून ठेवते लोक?" ते मला विचारत. "रेडिओ म्हंजे डबा. भोंगा म्हंजे डब्याचा मामा. मानूस बोलते तं काय डब्यातून बोलते का? मानसाचा आवाज मानसाएवढा पाह्यजे. उभा. सपाट. समोरून आला पाह्यजे, भिंत चालत आल्यावानी."

"डब्यातला" हा त्यांच्या तोंडी सगळ्यात वाईट शब्द होता. आमचे घरमालक पोटातल्या पोटात बोलत, म्हणून ते डब्यातले. एका किराणा दुकानदाराचा खर्ज चांगला पण कडा नाही, म्हणून तो "अर्धा डबा". साताऱ्याच्या सवयीनं मी तुटक बोलायचो. ते त्यांना पसंत होतं. "तुमचा आवाज पत्र्यावानी हाय मास्तर. पन मोकया हाय," अशी पावती त्यांनी मला दिली.

हे वेड लागलं अकोल्याच्या एका रेडिओवाल्याच्या दुकानात. कुठल्याशा विलायती मासिकात तिथं त्यांनी एक चित्र पाहिलं. दिवाणखान्यात एक पातळसा पडदा उभा, आणि समोर गोरा साहेब डोळे मिटून गाणं ऐकतोय. ना डबा, ना भोंगा. दुकानदारानं अर्धवट वाचून अर्धवट समजावलं. पातळ कापडावर धातूची पट्टी चिकटवतात, शेजारी लोहचुंबकं बसवतात, पट्टीतून वीज खेळते आणि अख्खा पडदा थरथरून गातो. बाकीचं अर्धं भाऊंनी खामगावला परत येताना एसटीत स्वतःच ठरवून टाकलं.

आधी त्यांनी सपाट लाकडांवर प्रयोग केले. पाट, खाटेची फळी, माझं दार. प्रत्येकाच्या पाठीला जुन्या रेडिओतला स्पीकर आवळून ते ऐकत. पाटावर बातम्या बऱ्या लागत, पण गाणं लागलं की पाट चुलीकडे सरकत जाई. मग त्यांनी लाकूड सोडलं आणि कापड धरलं. कापड हलकं हवं आणि ताणलं तरी टिकायला हवं. रेशीमच हवं. घरात रेशीम एकच होतं. पर्वतावहिनींचा लग्नातला शालू.

त्या दिवशी वहिनींनी जे काही ऐकवलं ते बाजारात कापसाच्या गाड्यांवर बसलेल्यांनीही ऐकलं म्हणतात. भाऊ अंगणात चौकटीवर रेशीम ताणत शांतपणे बसले होते. वहिनी दम खायला थांबल्या, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पदराकडचं नाही घेतलं. आतलं घेतलं. नेसशीन तं दिसनार बी नाही."

मग आली पट्टी. सिगारेटच्या पाकिटात असते ती चांदी भाऊंना पसंत पडली. त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक बाप्याला सिगारेट ओढायला लावली. विडीवाल्यांचे त्यांनी पाय धरले. तंबाखू मळणाऱ्या एका आजोबांना ते म्हणाले, "आजाजी, विज्ञानासाठी चार महिने सिगारेट ओढा. मंग पुन्हा तंबाखू खा." आजोबांनी ओढली. पुढे त्यांना ती सुटेना, म्हणून त्यांच्या सुनेनं भाऊंशी बोलणं टाकलं.

लोहचुंबकं सायकलच्या डायनामोतून आली. त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या सगळ्या सायकली बिनदिव्याच्या धावत होत्या. पडदा उभा राहिला, पण स्वस्थ राहीना. शेजारच्या शिंप्याची कात्री त्यानं ओढली, वहिनींच्या केसातले आकडे ओढले, आणि एकदा मी वाकून पाहायला गेलो तर माझ्या सदऱ्याची टाचणी त्याला जाऊन चिकटली. पडदा पाहायला जाताना खिसे रिकामे करून जायचं, असा गल्लीचा रिवाज पडला.

पहिल्यांदा पडदा बोलला तो दिवस मला आठवतो. भाऊंनी रेडिओच्या तारा जोडल्या. आम्ही सात-आठ जण श्वास रोखून बसलो. काहीच नाही. मग एखाद्या डासानं शास्त्रीय गाणं शिकायला घ्यावं तसा बारीक, दूरचा सूर आला. बाई गात होती की बातम्या होत्या, हे कळायला मार्ग नव्हता. पण खरं सांगतो, तो आवाज कुठल्या एका जागेतून येत नव्हता. हवाच बोलत होती.

"पाह्यलं का बे?" पडद्यावर तळहात टेकवून भाऊ कोणाला म्हणाले कोण जाणे. त्यांचे डोळे भरले होते.

पण अडचण होती. पडद्याला खालचा आवाज नव्हता. तबला म्हणजे कोणी नख वाजवतंय असं वाटे. भाऊंनी ठरवलं, पडद्याला जोडीदार द्यायचे. खालच्या आवाजासाठी एक, वरच्या आवाजासाठी एक. धामणगाव बढ्याला एक टूरिंग टॉकीज बंद पडली होती. तिचा परातीएवढा स्पीकर भाऊंनी एसटीच्या टपावर घालून आणला आणि धान्याच्या रिकाम्या कोठीत बसवला. तो चालू झाला की पडदा माणसासारखा छातीतून बोलू लागला. इथंच ते थांबले असते, तर खामगावचं नाव झालं असतं.

पण भाऊंना वरचा आवाज पुरेना. त्यांनी ट्रान्झिस्टरमधला चिमुकला स्पीकर पडद्याच्या माथ्यावर बसवला. मग जुन्या टेलिफोनच्या कानातली चकती बसवली. मग दुसरी. मग पत्र्याच्या झाकणाची घरी केलेली एक. रोज संध्याकाळी मला बोलावणं यायचं.

"मास्तर, सरकारी कान घेऊन या!"

मी जायचो. पडदा सुरू व्हायचा.

"झांज आली का?"

"आली."

"नीट आली?"

"भाऊ, दात शिवशिवतायत इतकी नीट आली."

ते मान हलवत. "मले वाट्टे, अजून नाही आली." आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर आणखी एक चकती बसलेली असे.

होता होता पडदा गाण्याऐवजी किंचाळू लागला. 'स' आला की काचेवर खिळा ओढल्यासारखं व्हायचं. गल्लीतली कुत्री बातम्यांच्या वेळेला बाजाराकडे निघून जात. मी कानात कापूस घालून जाऊ लागलो. खामगावात कापसाला काय तोटा. भाऊ मात्र मध्यभागी पाटावर बसून, डोळे मिटून, पुढं झुकून ऐकत असायचे. चेहऱ्यावर वाट पाहणाऱ्या माणसाचा भाव. आम्ही मागं बसून एकमेकांना कोपरानं ढोसायचो. इतक्या मोठ्या कानाच्या माणसाला एवढी साधी गोष्ट कळू नये, याचं आम्हाला हसू येई.

एके दुपारी पर्वतावहिनी तार ऑफिसात आल्या. बाईमाणूस तार ऑफिसात आलं म्हणजे कोणी तरी गेलं, असाच त्या काळी समज. मी घाबरून फॉर्म पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"भाऊजी, एक सांगाचं हाय. कोनाले म्हनू नोका."

मी बघतच राहिलो. आवाज बासरीसारखा होता. बारीक, गोड, कडेला थोडा कापरा. गल्लीत घुमणारा तो जाड आवाज कुणा दुसऱ्याच बाईचा असावा.

"त्यायले बारीक आवाज ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "जिनिंगनं कान खाल्ले त्यायचे. मोठं, जाड बोललं तं समजते. बारीक काहीच नाही. मांगच्या चैतात मले म्हनले, औंदा कोकिळा आल्याच नाहीत. आन् दारातल्या निंबावर कोकिळा वरडून राह्यली व्हती."

"भाऊंना ठाऊक आहे?"

"नाही ना! त्यायले वाट्टे पडद्यातच कमी हाय. मी काहीच बोलत नाही. त्यायचं सारं या कानावर हाय भाऊजी. फॅक्टरीत लोक म्हनते, सुपडा कानानं यंत्र पाह्यते. कान गेले हे तिकडं समजलं तं कामावर ठेवतीन का? आन् त्यायले समजलं तं मानूस बसूनच जाईन."

"म्हणून तुम्ही इतक्या मोठ्यानं बोलता?"

"जाड आवाजात बोलाले लागते. वरडलं तं त्यायले संशय येईन, म्हनून मी भांडल्यावानी बोलते. भांडताना कोनी बी मोठ्यानंच बोलते ना?" त्या किंचित हसल्या. "लोक नावं ठेवते. ठेवू द्या."

त्या गेल्या. त्यानंतर मी पडद्यासमोर बसून कोणाला कोपरानं ढोसलं नाही. झांज आली का म्हटलं की "आली" म्हणायचो आणि चकत्यांकडे बघत बसायचो.

दिवाळी झाली. फॅक्टरीच्या हंगामाचा मुहूर्त ठरला. यंत्रांची पूजा, नारळ, पेढे, गावातली चार मोठी माणसं असा तो समारंभ असे. मालक शेटजींच्या कानावर पडद्याची कीर्ती गेली होती. त्यांनी भाऊंना निरोप दिला, "सुपडा, औंदा भोंगा नको. तुझा पडदा आण. भजनाची तबकडी लावू."

भाऊंना आकाश ठेंगणं झालं. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. शेटजी, मॅनेजर, सगळे कामगार समोर बसणार आणि पडदा किंचाळणार. भाऊ मध्ये उभे राहून सुखानं मान डोलावणार. एवढं पाहून न कळण्याइतकं कोणीच बहिरं नव्हतं.

"भाऊजी, काई तरी करा," वहिनी म्हणाल्या.

मुहूर्ताच्या दिवशी सकाळी पडदा, कोठी आणि तो चकत्यांचा मुकुट खटाऱ्यातून फॅक्टरीत गेला. मी रजा काढून बरोबर. भाऊंनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सगळं मांडून झालं. भटजींनी आरती सुरू केली आणि सारी माणसं हात जोडून यंत्रांकडे वळली. भाऊही वळले. मी पडद्यामागं गेलो आणि चकत्यांच्या तारा एकामागून एक उपटल्या. सरकारी नोकरीत इतकी धडधड मला कधी झाली नव्हती. एक ट्रान्झिस्टरवाला स्पीकर तेवढा ठेवला, बाकी सगळे मुके केले आणि टाळ्या वाजवत आरतीत मिसळलो.

तबकडी लागली. आणि काय सांगू! कोठीतून मृदंग उठला, पडद्यातून आवाज आला आणि समोर गाणारा माणूस उभा राहिला. दिसत नव्हता एवढंच. पहिल्या रांगेतला एक म्हातारा हमाल चटकन पाय आवरून बाजूला सरकला, त्या न दिसणाऱ्या माणसाला वाट द्यावी तसा. कोणी खोकलं नाही. भजन संपलं.

"सुपडा," शेटजी म्हणाले, "हा तं तू मानूसच उभा केला रे!"

लोक भाऊंच्या पाठीवर थापा मारू लागले. बायकांमध्ये बसलेल्या वहिनींनी मला लांबूनच हात जोडले. भाऊ हसत होते. मग तबकडी बदलण्याचं निमित्त करून ते पडद्यामागं गेले. बरेच रेंगाळले. बाहेर आले तेव्हाही हसतच होते, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्या रविवारी दुपारी भाऊंनी मला फॅक्टरीच्या आवारात नेलं. यंत्रं बंद होती. नवा कापूस ढिगानं पडला होता. आम्ही एका ढिगाला टेकून बसलो. कापसात बसलं की आजूबाजूचे सगळे आवाज मऊ होतात.

"तारा तुमी काढल्या, मास्तर," ते म्हणाले.

मी काही तरी जुळवू लागलो. त्यांनी हात वर केला.

"कायले उगीच? फिटर हाय मी. सैल झालेली तार आन् उपटलेली तार मले समजत नाही का? बरं केलं तुमी. इज्जत राह्यली."

मग म्हणाले, "मले मालूम हाय ना. बारीक ऐकू येत नाही मले. लय दिवस झाले."

"मग फॅक्टरीत?"

त्यांनी तळहात पुढे केला. रुंद, तेलानं काळा पडलेला. "यंत्राले हात लावला की समजते. कानाचं लोक म्हनते, म्हनू द्या. कामात खोट नाही माही."

"आणि ते चकत्यांवर चकत्या लावणं? आम्हाला वाटलं, तुम्हाला कळतच नाही."

भाऊंनी कापसाचं एक बोंड उचललं आणि त्यातली सरकी चिमटीनं काढत बसले.

"माह्या बायकोचा आवाज बारीक हाय, मास्तर. तुमी नाही ऐकला. वरवट बकालले तिले पाहाले गेलो व्हतो, तं आतल्या खोलीत बोलून राह्यली व्हती कोनाशी तरी. मी तिले पाह्यलंच नव्हतं तोवर. बापाले म्हटलं, हीच. बाप म्हने, आंदी पाह्यनं! म्हटलं, पाहाचं काय?" ते हसले. "सगळ्यात पयले तोच आवाज गेला. मंग कोकिळा, मंग झांज. मले वाट्टे, एखादी चकती अशी सापडन, जी झांज पोचवन. झांज आली तं हिचा आवाज बी येईन. म्हनून लावत गेलो."

"वहिनींना सांगून टाका ना भाऊ. त्यांना वाटतं तुम्हाला माहीतच नाही."

"हाव, तिले तसंच वाट्टे." ते पटकन म्हणाले. "तुमी सांगू नोका. माह्यासाठी आवाज जाड करकरून तिचा घसा सोलून निंघाला. मिठाच्या पान्यानं गुळण्या करते, चोरून. मले समजू नये म्हनून गल्लीभर भांडकुदळ झाली. आता मी म्हटलं का मले पयलेपासून मालूम हाय, तं तिचं सारं वाया गेल्यावानी नाही व्हनार का?"

त्या घरातली दोन्ही माणसं मला एकच गोष्ट सांगून बसली होती, आणि दोघांनीही ती दुसऱ्याला सांगू नका म्हणून बजावलं होतं. तार ऑफिसात शपथ घेतली होती, की एकाचा निरोप दुसऱ्याच्या कानी पडू देणार नाही. ती इतकी जड जाईल असं वाटलं नव्हतं.

शेवटी मी म्हणालो, "भाऊ, पडद्यातून रेडिओ ऐकता, तबकडी ऐकता. माइक का नाही लावत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोटातली सरकी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊंनी एका मंडपवाल्याकडून माइक मागून आणला. उपटलेल्या सगळ्या चकत्या पुन्हा जोडल्या. माइक पडद्याजवळ धरल्याबरोबर अशी शिट्टी उठली, की निंबावरचे कावळे उडाले. मग लांब तार घालून माइक आत, भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात नेला आणि पितळी डब्यावर ठेवला.

"अवं," भाऊ वहिनींना म्हणाले, "पडदा तपासाचा हाय. त्याच्यात बोल जरा."

"काय बोलू?" वहिनींचा जाड आवाज घुमला. पडदा थरारला आणि मी कान झाकले.

"मोठ्यानं नोको! माइक नाजूक हाय. दुसऱ्याचा हाय. हळू बोल. लगनाच्या आंदी बोलत व्हती तशी बोल."

ते बाहेरच्या खोलीत आले. पडद्यासमोर मांडी घालून बसले आणि तोंड जवळजवळ त्या कापडापाशी नेलं. मी अंगणाच्या दारात उभा होतो. मला तिथून दोन्ही खोल्या दिसत होत्या. आत वहिनी माइककडे संशयानं बघत उकिडव्या बसल्या होत्या.

"आता काय बोलू बाप्पा..." त्या पुटपुटल्या. तो बासरीसारखा आवाज होता. पडद्यातून तो मोठा होऊन, कडांसकट बाहेर आला. "तूर घातली शिजाले. मीठ हाय अजून. तेल आनाले पाह्यजे."

"किती आनू?" भाऊंनी विचारलं.

स्वयंपाकघरात वहिनींनी आधी माइककडे पाहिलं, मग भिंतीकडे. त्या आपल्या खऱ्या आवाजात बोलल्या होत्या. भिंतीपलीकडून. आणि उत्तर आलं होतं.

त्या उठून मधल्या दारापर्यंत आल्या. भाऊंची पाठ त्यांच्याकडे होती. वहिनींनी तोंडावर पदर धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता हाक मारतील. त्यांनी नाही मारली. डोळे पुसले, परत आत गेल्या, माइकसमोर बसल्या आणि तो अलगद जवळ ओढला.

"आन दोन शेर," त्या हळूच म्हणाल्या. "आन् ऐका जी, आज बाजारात वांगे लय छान आले व्हते. तुमाले आवडते तसे, काटेरी. पन मी म्हटलं, कालच केले व्हते..."

"कर ना," भाऊ म्हणाले. "आज बी कर."

वहिनी बोलत राहिल्या. वांगी, शेजारणीची म्हैस, माहेरून आलेला निरोप, निंबावरून उडालेले कावळे. भाऊ एकेका वाक्याला हुंकार देत होते. मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता अंगण ओलांडून माझ्या खोलीत गेलो.